‘तुला नाही कळणार’ म्हणणाऱ्या नवऱ्याशेजारी बसून जॅझ

पत्र : माझं वय ३८. पुढच्या महिन्यात लग्नाला बारा वर्षं होतील. माझे मिस्टर कामानिमित्त दोन वर्षं हॅम्बर्गला होते, तिथून जॅझचं वेड घेऊन आले. घरात रेकॉर्ड प्लेअर आला. मुलं झोपली की ते हेडफोन लावून बसतात. मी आईच्या रेडिओवरची भावगीतं ऐकत वाढले. शब्द कळले नाहीत तर मला गाणं भिडत नाही. एकदा हौसेनं म्हटलं, मलाही ऐकवा. त्यांनी कुठल्याशा ‘ट्रेन’ची रेकॉर्ड लावली. पंधरा-सोळा मिनिटं सॅक्सोफोन नुसता किंचाळत होता, माझं डोकं उठलं. तसं सांगितल्यावर हसून म्हणाले, ‘जाऊ दे, तुला नाही कळणार.’ ते विसरूनही गेले, मला मात्र लागलं. मग मी यूट्यूबवर ‘रोमँटिक जॅझ’ शोधून स्वयंपाक करताना लावलं. छान वाटलं, पण त्यातलं काहीच लक्षात राहिलं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना एखादी रेकॉर्ड द्यावी आणि ती दोघांनी मिळून ऐकावी असं मनात आहे. अशी रेकॉर्ड असते का? की त्यांचं म्हणणंच खरं?
— एक वाचक, ठाणे

प्रिय मैत्रीण,

नाही, त्यांचं म्हणणं खरं नाही. रेकॉर्ड चुकीची निवडली गेली आणि ठपका तुमच्या कानांवर आला.

तुमच्या वर्णनावरून ती रेकॉर्ड ओळखू येते. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘चेसिन द ट्रेन’. २ नोव्हेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात झालेलं ध्वनिमुद्रण. पियानोवाला हात बांधून बसलाय, फक्त सॅक्सोफोन, बास (खर्जाचे सूर देणारं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्स, आणि कोल्ट्रेन जवळजवळ सोळा मिनिटं थांबायचं नाव घेत नाही. मला स्वतःला ते फार आवडतं. पण त्या वेळी अमेरिकेतल्या ‘डाउनबीट’ मासिकातल्या समीक्षकानंही त्याच्या या काळातल्या वादनाला ‘जॅझविरोधी’ म्हटलं होतं. म्हणजे डोकं उठलेल्या तुम्ही पहिल्या नाही, आणि तुमच्या आधी ज्यांचं उठलं त्यांचा जन्म जॅझ ऐकण्यात गेला होता.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी, २१ डिसेंबरला, म्हणजे दोन महिनेही उलटले नसताना, हाच कोल्ट्रेन स्टुडिओत गेला आणि त्यानं रॉजर्स-हार्ट या जोडीचं ‘इट्स ईझी टू रिमेंबर’ हे जुनं प्रेमगीत वाजवलं. तीन मिनिटांच्या आत संपणारं, एकही जादा सूर नसलेलं. पुढच्या वर्षी त्यात आणखी सात गाण्यांची भर पडली आणि ‘बॅलड्स’ हा अल्बम झाला. ज्यानं तुमचं डोकं उठवलं त्याच माणसाचं हे वादन तुम्ही ऐकलंत तर तो हाच यावर विश्वास बसणार नाही. मिस्टरांकडे ही रेकॉर्ड बहुधा असेलच. कोल्ट्रेनचे चाहते ती सहसा ठेवतात, फक्त दुसऱ्याला ऐकवायची वेळ आली की अवघड काहीतरी काढतात. का, ते मला आजवर उमगलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की शब्द कळले नाहीत तर गाणं भिडत नाही. ही तुम्हाला तुमची उणीव वाटतेय. माझ्या मते जॅझमधल्या या एका दालनासाठी तीच तुमची सगळ्यात मोठी तयारी आहे. ज्यांना ‘स्टँडर्ड्स’ म्हणतात ती मुळात गाणी आहेत, शब्द असलेली, प्रेमाची. साधारण १९२० ते १९५० या काळात न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांसाठी आणि हॉलिवूडच्या सिनेमांसाठी ती लिहिली गेली. जेरोम कर्न, जॉर्ज गर्श्विन, अर्व्हिंग बर्लिन, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स ही त्या काळातली मोठी नावं. नाटकं बंद पडली, सिनेमे विस्मरणात गेले, गाणी उरली, कारण ती वादकांच्या हाती लागली. आपल्याकडे भावगीतात कवी आणि संगीतकार वेगळे असतात आणि चाल शब्दांचा अर्थ उचलून धरते, तसंच इथेही होतं. फरक एवढाच की पुढे वादक शब्द काढून घेतो आणि तरीही ते ऐकू यावेत असं वाजवतो.

हे मी अलंकारिक बोलत नाही. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग सांगायचा की ज्या गाण्याचे शब्द माहीत नाहीत ते वाजवू नये. दुसरा सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन तर मैफिलीत बॅलड, म्हणजे संथ प्रेमगीत, सुरू करण्याआधी त्याच्या ओळी आपल्या खर्जातल्या आवाजात म्हणून दाखवायचा आणि मग सॅक्सोफोन ओठांना लावायचा. बेन वेबस्टर सूर सोडताना शेवटी सूर संपवतो आणि नुसता श्वास ठेवतो. हवा नळीतून गेल्याचा तो आवाज ओळीच्या शेवटी बोलणारा माणूस थांबतो तसा वाटतो. शब्द माहीत असले तर तो कुठल्या शब्दावर थांबलाय हे तुम्हाला कळतं.

म्हणून माझा सल्ला असा : रेकॉर्डपासून सुरुवात करू नका, एका गाण्यापासून करा. मी तुमच्यासाठी ‘माय वन अँड ओन्ली लव्ह’ निवडलंय. चाल गाय वुडची, शब्द रॉबर्ट मेलिनचे. गंमत म्हणजे या चालीवर आधी वेगळेच शब्द होते, नावही वेगळं होतं, आणि ते गाणं चाललं नव्हतं. १९५० नंतर मेलिननं नवे शब्द दिले आणि त्याच चालीचं सोनं झालं. इंटरनेटवर ओळी सहज मिळतील, इंग्रजी सोपं आहे. तुझा नुसता विचार आला तरी मन गाऊ लागतं, इथून गाणं सुरू होतं. चालीकडे लक्ष द्या : पहिलीच ओळ खालच्या सुरावरून निघते आणि चढत चढत जाते, जणू विचार येतो आणि मन वर उचललं जातं. दोनदा ही चाल येते, मग तिसऱ्या कडव्याला चाल बदलते आणि सूर जरा काळजीत पडल्यासारखा होतो. या वेगळ्या भागाला वादक ‘ब्रिज’ म्हणतात. मग पुन्हा पहिली चाल. आठ-आठ बारचे (बार म्हणजे तालाच्या ठरावीक मात्रांचा एक गट) चार भाग, एकूण ३२ बार. बहुतेक स्टँडर्ड्सचा सांगाडा हाच किंवा याच्या जवळचा असतो. एक कळला की शंभर गाण्यांत रस्ता सापडतो.

पहिल्यांदा गायक फ्रँक सिनात्राचं १९५३ चं ऐका. नेल्सन रिडलचा वाद्यमेळ आहे, तेव्हा हे छोट्या संचाचं जॅझ नव्हे, पण शब्द आणि चाल स्वच्छ कळायला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. दोन-तीनदा ऐका, भांडी आवरताना गुणगुणता येईपर्यंत. मग थांबा, लगेच पुढे जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर आणि पियानोवर आर्ट टेटम. ११ सप्टेंबर १९५६, लॉस एंजेलिस. सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम्स, चारच माणसं. टेटमला जवळजवळ दिसत नव्हतं, आणि त्याच्या बोटांच्या वेगाला भले भले पियानोवाले घाबरायचे. इथेही तो गप्प राहत नाही. वेबस्टरच्या प्रत्येक मोकळ्या जागेत तो सुरांचे लोट सोडतो. काहींना हे फार होतं. मलाही सुरुवातीला टेटमचं अति वाटायचं. पण वेबस्टर काय करतो पाहा : तो स्पर्धा करत नाही. चाल जवळजवळ आहे तशी म्हणतो, हळू, जाड आवाजात, सूर जरासा उशिरा उचलत. शेजारी एवढी आतषबाजी चालली असताना एवढं साधं बोलायला छाती लागते. तुम्हाला आता शब्द पाठ असतील, तेव्हा मनातल्या मनात त्याच्याबरोबर म्हणा. कुठल्या शब्दाला तो रेंगाळतो ते ऐका. टेटम त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबरला गेला. शेवटच्या काही मुद्रणांपैकी हे एक.

आणि मग तिसऱ्या दिवशी, शक्यतो मिस्टरांसोबत, जॉन कोल्ट्रेन आणि जॉनी हार्टमन.

याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या भेटीची रेकॉर्ड हीच आहे. ७ मार्च १९६३ रोजी न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्स इथे रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ती झाली. हा व्हॅन गेल्डर एक विलक्षण माणूस. कित्येक वर्षं दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात हॅकनसॅकला आई-वडिलांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत जॅझ ध्वनिमुद्रित करायचा. १९५९ मध्ये त्यानं हा स्वतंत्र स्टुडिओ बांधला. वाद्याच्या जवळ बसल्यासारखा जो आवाज तुम्हाला ऐकू येईल त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स, म्हणजे कोल्ट्रेनचा नेहमीचाच संच. हार्टमन हा खर्जाकडे झुकणाऱ्या, मखमली आवाजाचा गायक. फार प्रसिद्ध नव्हता. कोल्ट्रेननं स्वतःच्या नावावर गायकाबरोबर केलेला हा एकमेव अल्बम. सहा गाणी, जेमतेम अर्धा तास.

‘माय वन अँड ओन्ली लव्ह’ पहिल्या बाजूचं शेवटचं, तिसरं गाणं. हार्टमन त्यात लगेच येत नाही. कोल्ट्रेन आधी एकटा अख्खं गाणं म्हणतो, वरच्या पट्टीत, जराही घाई न करता. फार काही बदलत नाही, इकडे एखादा सूर वळवतो, तिकडे एखादी ओळ थोडी उशिरा सोडतो. दोन मिनिटं उलटून जातात आणि तुम्हाला वाटतं की गाणं संपलं. तेवढ्यात तो आवाज येतो आणि पहिल्यांदा शब्द ऐकू येतात. पण तुम्ही ते आधीच ऐकलेले असतात, सॅक्सोफोनमधून. मला जॅझमधला शब्द आणि वाद्य यांचा संबंध याहून चांगला कुठेच ऐकायला मिळालेला नाही.

ऐकताना कान थोडे मागेही न्या. ड्रम्सवर काड्यांचे ठोके नाहीत. तारांचे ब्रश असतात, ते ड्रमच्या कातड्यावरून गोल फिरवतात, त्याची सळसळ सतत ऐकू येते. बासचा प्रत्येक सूर एकेका पावलासारखा पडतो. वाद्यं कमी असल्यामुळे कोण काय करतंय ते वेगळं ओळखता येतं, आणि छोट्या संचाचं सुख हेच. मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनांचा पडदा भावना तयार करून तुमच्या हातात देतो. इथे चार-पाच माणसं एकमेकांचं ऐकत ती तुमच्यासमोर तयार करतात. शिवाय बॅलड संथ असतं, त्यामुळे ३२ बार एक-दोनदाच फिरतात. ‘चेसिन द ट्रेन’सारखं हरवायला होत नाही.

यूट्यूबवरच्या त्या तासंतास चालणाऱ्या ‘रोमँटिक जॅझ’बद्दल बोलायलाच हवं, कारण तुम्ही त्यावरून स्वतःबद्दल चुकीचं अनुमान काढलंय. पावसाच्या काचेचं चित्र, शेकोटी, आणि खाली वाजवणाऱ्यांची नावंही नाहीत. लक्षात राहिलं नाही कारण ते लक्षात राहावं म्हणून केलेलंच नसतं. स्वयंपाक करताना लावायला हरकत नाही, पण त्यावरून कानांची परीक्षा घेऊ नका.

एक सावधगिरी मात्र घ्या. ‘रोमँटिक’च्या कप्प्यात ठेवलेली बरीच गाणी विरहाची, उसवलेल्या प्रेमाची असतात. हार्टमनच्या याच रेकॉर्डवर दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ‘लश लाइफ’, बिली स्ट्रेहॉर्ननं विशीच्या आत लिहायला घेतलेलं. स्टुडिओकडे जाताना गाडीच्या रेडिओवर गायक नॅट कोलचं ‘लश लाइफ’ लागलं आणि म्हणून ते घेतलं गेलं, अशी आठवण हार्टमन सांगायचा. गाणं अप्रतिम आहे, पण त्यातला माणूस प्रेमात हरलेला आणि दारूच्या गुत्त्यात उरलेलं आयुष्य काढायला निघालेला आहे. लग्नाच्या वाढदिवसाला पहिली बाजूच लावा. तिच्यावरचं पहिलं गाणं अर्व्हिंग बर्लिनचं ‘दे से इट्स वंडरफुल’, प्रेमाबद्दल लोक म्हणतात ते खरं असावं अशा अर्थाचं, आणि दुसरं ‘डेडिकेटेड टू यू’. तिसऱ्याबद्दल बोललेच आहे.

उलट ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ लोकांना उदास वाटतं, चाल तशी आहे म्हणून. शब्द पाहिलेत तर तिथे कोणीतरी आपल्या माणसाला म्हणतंय की तू काही देखणा नाहीस, तरी एक केसही बदलू नकोस. बारा वर्षांच्या संसाराला हे गाणं शोभतं. माइल्स डेव्हिसनं २६ ऑक्टोबर १९५६ रोजी ते ट्रम्पेटच्या तोंडाला आवाज दबवणारा म्यूट लावून वाजवलंय, अगदी कानाशी बोलल्यासारखं. ‘कुकिन’ या अल्बमवर आहे. कोल्ट्रेन तेव्हा त्याच्याच संचात होता, पण या गाण्यात वाजवतच नाही.

तुम्हाला पियानो आवडत असेल तर बिल एव्हन्सचं ‘माय फूलिश हार्ट’. २५ जून १९६१, रविवार, पुन्हा तोच व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. सोबत स्कॉट लफारो बासवर आणि पॉल मोशन ड्रम्सवर. मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते, आणि हे तिघं इतकं हळू वाजवतात की प्रत्येक सूर पुढच्याची वाट पाहतो. लफारो त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, पंचविशीत.

हा आवाज आपल्याकडे परका आहे असंही समजू नका. गोव्याचे वादक तिशी-चाळिशीच्या दशकांत मुंबईच्या हॉटेलांत हीच अमेरिकन गाणी वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात असायचे. चिक चॉकलेट या नावानं ओळखला जाणारा ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ ताजमध्ये वाजवायचा आणि आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. ‘अलबेला’तल्या गाण्यांत तो आवाज आहे. आईच्या रेडिओवर तुम्ही तो लहानपणीच ऐकलाय.

आता मिस्टरांबद्दल. ‘तुला नाही कळणार’ हे वाक्य तुम्हाला लागलं, हे त्यांना सांगितलंय का? पत्रावरून तसं वाटत नाही. एकदा सांगा, शांतपणे, दिवसा, रेकॉर्ड वाजत नसताना. ज्याला एखाद्या गोष्टीचं नवं वेड लागतं त्याला बरेचदा ती आपल्यापुरती हवी असते, आणि घरातल्या माणसाला ती आवडली नाही तर त्याला स्वतःलाच नाकारल्यासारखं वाटतं. तुम्ही ‘डोकं उठलं’ म्हणालात तेव्हा तेही थोडे दुखावले असतील आणि हसण्यावारी नेलं असेल. हे त्यांचं समर्थन नाही. फक्त बोलणं सुरू करताना उपयोगी पडेल.

हेडफोन पूर्ण काढायला लावू नका. दिवसभरानंतरची ती त्यांची एकट्याची वेळ आहे आणि ती त्यांना असू द्या. आठवड्यातून एक रात्र स्पीकरवर, दोघांनी, एवढंच मागा. त्या रात्री एकच बाजू, पंधरा-सोळा मिनिटं. वाजत असताना त्यांनी माहिती सांगायची नाही, तुम्ही फोन बघायचा नाही. संपल्यावर त्यांनी एकच गोष्ट सांगायची, जी त्यांना स्वतःला आवडली. तुम्हीही एकच. आवडलं नाही तर तसं म्हणा. खोटं ‘वा’ म्हटलंत तर पुढच्या वेळी ते पुन्हा सोळा मिनिटांचं काहीतरी लावतील.

आणि पुढच्या आठवड्यातली रात्र तुमची. तुमच्या आईच्या रेडिओवरचं एखादं भावगीत त्यांना ऐकवा, शब्द समजावून. जो माणूस कोल्ट्रेनच्या एका सुरासाठी तासभर बसतो तो बसेल, बसायलाच हवं.

रेकॉर्ड घेताना नाव नीट पाहा : ‘जॉन कोल्ट्रेन अँड जॉनी हार्टमन’, इंपल्स कंपनीची. पुनर्मुद्रणं बरीच निघाली आहेत, जुनी मूळ प्रत शोधत बसू नका, ती महाग पडते आणि खरखरतही असू शकते. मिस्टरांकडे ती आधीच असेल अशी शंका असेल तर त्यांच्या रेकॉर्डींमध्ये आधी बघून घ्या. असलीच तर वेबस्टर आणि टेटमची घ्या. आणि वाढदिवसाआधी सिनात्राचं गाणं गुणगुणायची तयारी आजपासूनच सुरू करा, महिना पुरेसा आहे.